दाजी, ऊस आणि चार हजार नऊशे नव्व्याण्णव

आमच्या नगर जिल्ह्यात रुपया हे चलन तसं नावापुरतंच. खरे हिशेब पिकात होतात. उत्तरेकडच्या माणसाला मोटारसायकलची किंमत सांगा, तो मनातल्या मनात ऊस तोडायला लागतो. दक्षिणेकडच्याला सांगा, तो कांद्याच्या गोण्या मोजतो. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये सरकारदरबारी अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली, पण हे कोष्टक काही बदललं नाही. नेवासा तालुक्याची पंचाईत अशी की मुळेच्या कालव्यामुळे तिथे ऊसही आहे, आणि घोडेगावचा बाजार हाकेच्या अंतरावर असल्यामुळे कांदाही आहे. त्यामुळे तिथला माणूस प्रत्येक वस्तूची किंमत दोनदा काढतो आणि दोन्ही वेळा ती महागच निघते.

आमचे दाजी नेवासा तालुक्यातले.

तेव्हा भाच्याने, म्हणजे त्यांच्या चिरंजीवाने, एका नव्या गेमची किंमत चार हजार नऊशे नव्व्याण्णव आहे असं सांगितल्यावर दाजींनी शांतपणे विचारलं, ‘‘कांदा काय भावानं धरू?’’ हजार रुपये क्विंटल धरायचा ठरला. हा भाव घरातल्या घरात ठरल्यामुळे आडत, हमाली, तोलाई लागली नाही. पाच क्विंटल, म्हणजे दहा गोण्या.

‘‘दहा गोण्या दिल्या. आता घरी काय आलं?’’

‘‘काही येत नाही पप्पा. डाउनलोड होतो.’’

‘‘म्हंजे दहा गोण्या गेल्या आन् पिशवीबी रिकामी?’’

त्यावर भाच्याने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मामा या नात्याची निर्मितीच मुळी अशा प्रसंगांसाठी झालेली आहे. शिवाय मी सावेडीत राहतो, घरी इंटरनेट आहे आणि तरुणपणी माळीवाड्याच्या बाजूला एका अंधाऱ्या गाळ्यात रुपया-रुपयाची नाणी घालून खेळलेला माणूस आहे, हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे या खटल्यात साक्षीदार, वकील आणि पंच अशा तिन्ही जागांवर मलाच बसावं लागलं.

आता हा आकडा आला कुठून, ते आधी सांगतो. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, एकोणपन्नास हजार नऊशे नव्वद रुपयांना. त्याच्या आधीच्या प्लेस्टेशनवर नवा मोठा गेम ३,९९९ ला मिळायचा, तो या नव्या डब्यावर ४,९९९ झाला. अमेरिकेत त्याच सुमारास साठ डॉलरचे सत्तर झाले होते. सत्तरला त्या वेळच्या डॉलरच्या भावाने गुणा, पाच हजारांच्या आसपासच उत्तर येतं. म्हणजे गुणाकारात कुणी लबाडी केलेली नाही. फक्त किंमत कॅलिफोर्नियाची आणि पगार नागापूर एमआयडीसीतला, एवढाच काय तो फरक. २०२५ मध्ये निनटेंडोने नव्या मारिओ कार्टला ऐंशी डॉलर लावले, तेव्हा अमेरिकेतली माणसंसुद्धा कुरकुरली. ते ऐकून मला फार बरं वाटलं. महागाईत सोबत असली की ती निम्मी वाटते.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. साठ डॉलरचा भाव साधारण २००५-०६ पासून २०२० पर्यंत हलला नव्हता. त्या पंधरा वर्षांत गेम बनवण्याचा खर्च कुठल्या कुठे गेला. एका स्पायडरमॅनच्या गेमवर सोनीने जवळपास तीस कोटी डॉलर घातल्याचं फुटलेल्या कागदपत्रांतून बाहेर आलं. शेकडो माणसं चार-पाच वर्षं राबतात. महागाई धरली तर गेम उलट स्वस्तच झाला आहे, असं ते सांगतात. मी हे सगळं दाजींना नीट समजावून सांगितलं. कंपनीविषयी सहानुभूती वाटावी म्हणून आवाजही थोडा जड केला.

दाजी म्हणाले, ‘‘कांदाबी वीस वर्षांपूर्वीच्या भावानं जातो कधी कधी. खत, औषध, मजुरी चौपट झाली. आमी सांगायला गेलो का कुणाला, की महागाई धरली तर कांदा स्वस्तच हाय, तेव्हा जरा जास्त द्या? कुणी देतं का?’’

कंपनीची बाजू तिथे संपली.

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता, कारण आमच्या वेळी गेम विकत घ्यायची पद्धतच नव्हती. रुपया टाकायचा आणि मरेपर्यंत खेळायचं. कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ नावाचा गेम काढला. हे नाव नगरात कुणालाही माहीत नव्हतं. त्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणत, कारण त्यातल्या चार गड्यांपैकी एकाचं नाव मुस्तफा होतं आणि तोच सगळ्यांना हवा असायचा. बाकीचे तिघे कोण होते हे मला फार उशिरा कळलं. या पद्धतीतली खुबी अशी की किंमत तुमच्या कर्तबगारीवर ठरायची. नवशिक्याचा रुपया दोन मिनिटांत खलास. मुरलेला गडी त्याच रुपयात अर्धा तास काढायचा आणि त्याच्या पाठीमागे सहा-सात जण फुकटात तोच खेळ बघायचे, शिवाय सल्लेही द्यायचे. ‘‘जंप मार, जंप! आरं बॉम्ब हाय खाली!’’ दुकानदार खेळणाऱ्यांवर खूश असायचा, पण या बघ्यांच्या पाठीत अधूनमधून धपाटा घालायचा. मला आजही वाटतं, त्या गाळ्यात पैशाचा खरा मोबदला आम्हा बघ्यांनाच मिळाला.

मग घरोघरी टीव्हीला जोडायचे डबे आले. त्याच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. त्यात मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायचा गेम आणि आणखी काही, असे खरे गेम पंचवीस-तीसच. पुढे त्यांचीच नावं फिरून फिरून येत. पण नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव हा आकडा पाहून वडील मंडळी समाधानाने खिशात हात घालत. एका गेमला किती पैसे पडले हा भागाकार त्यांनी दुकानातच केलेला असे. आज भाचा जो भागाकार करतो तो याचाच नातू आहे.

भाच्याचं गणित असं. ‘‘मामा, पन्नास तासांचा गेम आहे. पाच हजार भागिले पन्नास, तासाला शंभर. पिक्चरला अडीच तासांचं तिकीट, वर पॉपकॉर्न, पार्किंग. सांगा, स्वस्त काय?’’

हे गणित जगभरातली गेम खेळणारी मुलं आपापल्या बापांपुढे मांडत असणार. दिसायला बिनतोड आहे. पण या मापाने मोजायला लागलं की भलतंच काहीतरी हाती लागतं. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम काढला. भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, दुर्गेने दिलेलं त्रिशूळ, भिंतींवर पुराणातली चित्रं. मोठ्या कंपन्यांच्या गेमच्या निम्म्याहून कमी किंमत, आणि चार-सहा तासांत खेळ संपतो. तासाच्या हिशेबात हा गेम जेमतेम बरोबरी करील, नाहीतर महागच ठरेल. उलट एखाद्या परदेशी गेममध्ये तेच तेच किल्ले, तीच तीच चौकी पन्नास वेळा जिंकायला लावली की तो ‘शंभर तासांचा’ होतो आणि स्वस्त ठरतो. या मापाने कीर्तनकारापेक्षा ग्रामसभा नेहमीच जास्त मोलाची.

आणि सगळ्यांत स्वस्त ठरतो तो फुकटचा. पब्जी मोबाइल २०१८ मध्ये आला, सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केला, २०२१ मध्ये बीजीएमआय असं बारसं करून परत आला, २०२२ मध्ये पुन्हा बंद, २०२३ मध्ये पुन्हा चालू. एवढ्या वेळा तर आमच्याकडे कालव्याचं आवर्तनही सुटत नाही. तो फुकट आहे. फक्त त्यातल्या माणसाच्या अंगावरचे कपडे विकत घ्यावे लागतात. भाच्याने एका वर्षात त्या माणसाला जेवढे कपडे घेतले तेवढे स्वतःला घेतले नाहीत, ही गोष्ट ताईला कळलेली नाही. हा लेख तिच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था मी केली आहे. फुकटच्या खेळाचा मोह मोठ्यांनाही सुटत नाही म्हणा. २०२५ च्या जुलैत आपल्या राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात मोबाइलवर रमीचा डाव उघडलेला व्हिडिओ गावभर फिरला. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. महिनाअखेरीस त्यांचं कृषिखातं गेलं आणि क्रीडाखातं मिळालं. सरकारला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतो?

पण तासाच्या हिशेबाचा निकाल लावला तो दाजींनीच. २०१८ मध्ये आलेला ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ नावाचा एक फार गाजलेला गेम आहे. अमेरिकेतले घोडेस्वार, दरोडे, गोळीबार. भाच्याने तो मित्राकडून आणला होता. दाजी नेमके मागे येऊन उभे राहिले तेव्हा गेमचा शेवटचा टप्पा चालू होता, आणि त्यात दरोडेखोर निवृत्त होऊन एका गोठ्यात कामाला लागलेला असतो. भाचा दोन बटणं आळीपाळीने दाबून गाईची धार काढत होता. त्याआधी त्याने फावड्याने शेण उचललं होतं.

दाजींच्या गोठ्यात दोन संकरित गाई आहेत. त्यांची धार पहाटे पाचला काढतात. ती कोण काढतं हे सांगायला नको.

दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आपल्याकडं खुरपायला बाया येत्यात, त्या तासाचे पैसे घेऊन जात्यात. तू तासाला शंभर रुपये दिऊन शेण काढतो.’’ आणि जाता जाता, ‘‘हितं ये की. मी पन्नासच घेईन.’’

तरीही दाजी गेमचे शत्रू नाहीत, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. एका गेमवर त्यांचा जीव जडला आहे. त्याचं नाव ‘फार्मिंग सिम्युलेटर’. स्वित्झर्लंडमधल्या जायंट्स नावाच्या कंपनीचा हा गेम. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची २५ क्रमांकाची आवृत्ती आली आणि तिच्यात भातशेती आणि म्हशीही आल्या. भाच्याने तो लावला तेव्हा दाजी खुर्ची ओढून जवळ बसले आणि प्रश्न विचारू लागले. मी शेजारीच होतो, त्यामुळे हे सगळं डोळ्यांदेखतचं आहे.

पहिला प्रश्न पैशाचा. भाच्याने बँकेचं पान उघडलं आणि एक बटण दाबलं. पाच हजार आले. पुन्हा दाबलं, आणखी पाच हजार.

‘‘सातबारा नाय मागितला?’’

‘‘नाही.’’

‘‘आठ-अ? सोसायटीचा दाखला? जामीनदार?’’

‘‘काहीच नाही पप्पा.’’

‘‘बँक बुडंल ही,’’ दाजी म्हणाले. पण खुर्ची अर्धा फूट पुढे सरकली.

मग हिरवागार ट्रॅक्टर आला, जॉन डिअर. सरळ रेषेत आपोआप चालणारा. भाच्याने एका बटणावर गडी कामाला लावला. तो गडी उचल मागत नाही, पोळ्याला गावी जात नाही, तंबाखू मळायला बांधावर बसत नाही. भात सोडला तर पिकाला पाणी द्यायची भानगडच नाही, त्यामुळे रात्रीची लाइट नाही, मोटर जळत नाही, आणि बॅटरी घेऊन बिबट्याच्या भीतीने बांधावरून जायचं नाही. गारपीट आहे. पण तिने पिकाचं नुकसान करायचं की नुसतं दिसायचं, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. हे ऐकल्यावर दाजींनी भाच्याला ते पान पुन्हा उघडून दाखवायला लावलं. स्वतः वाचता येत नव्हतं म्हणून मला वाचायला सांगितलं. खात्री झाल्यावर म्हणाले, ‘‘हे सेटिंग कुठं मिळतं?’’

शेवटी ऊस. या गेममध्ये ऊस आहे, आणि तो तोडायचं यंत्रही आहे. ना टोळी, ना मुकादम, ना तोडीच्या तारखेसाठी चिटबॉयच्या मागे फिरणं. भाच्याने ट्रॉली भरली, नेऊन एका जागी रिकामी केली, आणि ऊस खाली पडत असतानाच वरच्या कोपऱ्यातला पैशाचा आकडा भराभरा चढायला लागला.

ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या जिल्ह्यातला शेतकरी ऊस आणि पैसे यांच्यामधलं अंतर ओळखून असतो. १९६६ चा सरकारी आदेश सांगतो, ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्या. ते चौदा दिवस कधी संपतात यावर या जिल्ह्यात आंदोलनं झाली आहेत, निवडणुका झाल्या आहेत. आणि इथे ट्रॉली अजून रिकामी व्हायची होती!

‘‘पैसे आले?’’

‘‘आले.’’

‘‘काटा कोणी केला?’’

‘‘आपोआप होतो.’’

‘‘आन् वजनात काय धरलं नाय?’’

‘‘नाही.’’

दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘‘मघाचा तो दरोडेखोरांचा गेम खरा वाटत होता,’’ ते म्हणाले. ‘‘ह्यो मात्र पार कल्पनेतला हाय.’’ आणि मग बऱ्याच वेळाने, ‘‘ह्याला कितीबी दिले तरी चालंल.’’

तेव्हापासून या प्रश्नाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. गेमचा तासाशी संबंध नाही. आपल्या आयुष्यात जे नाही ते मिळतं का, एवढंच बघायचं. पण ते मिळत असलं तरी त्याचे पाच हजार द्यायचे की अडीच, हा सवाल उरतोच. आणि तो सवाल मी तुम्हाला त्याच गेमच्या आधाराने सोडवून दाखवतो.

त्या गेममध्ये धान्याचा भाव महिन्यागणिक हलतो. सुगीला पडतो, नंतर चढतो. भाचा धान्य लगेच विकत नाही. कोठारात ठेवतो, तक्ता बघतो, भाव वर गेला की ट्रॉली जोडतो. दाजी हेच कांद्याच्या चाळीत करतात. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, तेव्हा सगळ्यांचाच निघतो आणि भाव झोपतो. ज्याला दम आहे तो चाळीत भरतो आणि दिवाळीपर्यंत धीर धरतो. यात धोका असतो. काही सडतो, काहीला कोंब फुटतात, आणि ८ डिसेंबर २०२३ ला झाली तशी अचानक निर्यातबंदी होते, ती थेट पुढच्या मेपर्यंत उठत नाही. तरीही चाळ असलेला शेतकरी चाळ मोडत नाही.

आता गेमची गंमत बघा. गेम ठेवला तर सडत नाही. त्याला कोंब फुटत नाहीत. त्याच्यावर निर्यातशुल्क बसत नाही. उलट जितका जुना होतो तितका स्वस्त आणि सुधारलेला होतो. शेतकरी भाव चढण्यासाठी थांबतो, घेणाऱ्याने भाव उतरण्यासाठी थांबायचं. तुमची सगळी चाळ म्हणजे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातली विशलिस्ट, आणि तिला पत्राही लागत नाही. वर्षभरात तो गेम उन्हाळी नाहीतर हिवाळी सेलमध्ये निम्म्यावर येतो, हे भाच्याला तोंडपाठ आहे. आणि हाच भाचा, जो गेममधला गहू भाव बघून विकतो, तो स्वतः गेम घ्यायला मात्र पहिल्या दिवशी, सगळ्यांत चढ्या भावाला, रांगेत उभा!

बरं, पहिल्या दिवशी मिळतं काय? ‘सायबरपंक २०७७’ हा १० डिसेंबर २०२० ला आला. सगळं जग वर्षानुवर्षं त्याची वाट बघत होतं. जुन्या प्लेस्टेशनवर तो असा काही अडखळला की आठवडाभरात सोनीने तो दुकानातून काढला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. पुढे कंपनीने दुरुस्त्या करत करत २०२३ पर्यंत तो खरोखर उत्तम केला. म्हणजे ज्यांनी पूर्ण किंमत दिली त्यांना कच्चा मिळाला, आणि जे थांबले त्यांना पिकलेला, तोही स्वस्तात. ‘कॉन्कॉर्ड’ नावाचा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. दोन आठवडे. आमच्याकडे यात्रेतला पाळणासुद्धा याहून जास्त टिकतो. सोनीने सगळ्यांचे पैसे परत केले हे खरं. शिवाय आता ‘डीलक्स’ नावाची नवी तऱ्हा निघाली आहे. जास्त पैसे भरा आणि तीन दिवस आधी खेळा. कच्चा माल आणखी कच्चा असताना, चढ्या भावाने!

मालकीचं प्रकरण आणखी निराळं. भाच्याला मी सहज विचारलं की डाउनलोड केलेला गेम पुढे कुणाला विकता येतो का. येत नाही. देता येतो का? नाही. कंपनीने बंद केला तर? बंद. ‘द क्रू’ हा गाड्या पळवायचा गेम २०१४ मध्ये निघाला होता. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्ट या त्याच्या कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेल्यांच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. युबिसॉफ्टचं एक ऑफिस आपल्या पुण्यातही आहे, पण त्या मुलांचा यात दोष नाही. त्यांच्या वाट्याला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा जीर्णोद्धार आला होता, तो २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला गेला. पुण्याने सुरू करायचं आणि श्रेय बाहेरच्यांनी न्यायचं, हे आम्हा नगरकरांना ऐकायला बरं वाटलं असतं, पण २०२६ मध्ये तो गेमच रद्द झाला, तेव्हा श्रेयाचाही प्रश्न मिटला. असो. कॅलिफोर्नियाने आता कायदाच केला की ‘तुम्ही गेम विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेता’ हे दुकानाने स्पष्ट सांगायला हवं.

दाजींना हे एका वाक्यात कळलं. ‘‘म्हंजे सातबारा कंपनीच्या नावावर, आन् तू खंडानं कसणार. कूळच की तू! आन् ह्या कुळाला कायदाबी नाय.’’

एवढं करून पुष्कळशा मोठ्या गेमना कुलूप असतंच. डेनुवो नावाचं. विकत घेणाऱ्याने प्रामाणिकपणे पैसे भरायचे आणि मग आपण चोर नाही हे इंटरनेटवरून पुन्हा पुन्हा सिद्ध करायचं. दाजींच्या गावापासून शनि शिंगणापूर जवळच आहे. तिथे घरांना कुलूप न लावण्याची परंपरा आहे. एका बँकेने २०११ मध्ये तिथे बिनकुलपाची शाखाही काढली. गेम कंपन्यांनी एकदा दर्शनाला यावं. भाच्याचा एक मित्र कुलूप तोडलेले गेम उतरवतो आणि फुकटात खेळतो, असं कळलं. त्याचा लॅपटॉप सध्या दुरुस्तीला आहे. शनिदेवाचा मी काही संबंध जोडत नाही.

अपवाद आहेत, आणि ते मान्य न करणं कोतेपणाचं होईल. निनटेंडोचे गेम वर्षानुवर्षं फारसे उतरत नाहीत, तिथे थांबून काही हशील नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका चिमुकल्या चमूचा ‘सिल्कसाँग’ सप्टेंबर २०२५ मध्ये वीस डॉलरला आला आणि त्या दिवशी मोठमोठी ऑनलाइन दुकानं गर्दीने कोलमडली. वीस डॉलर हीच त्याची पूर्ण किंमत, ती पहिल्या दिवशी द्यायला हरकत नाही, उलट द्यावी. आणि चार मित्र मिळून खेळायचा गेम असेल तर वर्षभर थांबण्यात अर्थ नसतो, कारण वर्षाने गेम स्वस्त होतो पण मित्र पुण्याला नोकरीला गेलेले असतात.

आता सगळी पोरं जीटीए ६ साठी पैसे साठवत आहेत. मागचा, म्हणजे पाचवा, २०१३ मध्ये आला होता. सहाव्याची तारीख आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. भाच्याने आतापासूनच मला गाठलं आहे. मी त्याला माझा निकाल ऐकवला: एकट्याने, डाउनलोड, पहिल्या दिवशी, पूर्ण किमतीला, अजिबात घ्यायचा नाही. वर्षभर थांब. थांबवतच नसेल तर ज्या गेमची डिस्क मिळते त्याची डिस्क घे, दोघांत घे, आणि खेळून झाला की विकून टाक. डिस्क निदान हातात तरी येते आणि तिला गिऱ्हाईक मिळतं. मात्र डबा घेण्याआधी आत बघ, कारण निनटेंडोच्या नव्या यंत्रासाठी आता अशीही कार्डं निघाली आहेत की ज्यांत गेम नसतोच, फक्त डाउनलोडची किल्ली असते.

वाचकांपैकी ज्यांना दम निघत नाही त्यांनी पहिल्या दिवशी खुशाल घ्यावा. तुमच्यामुळेच आमच्या भावात उतार येतो, तेव्हा तुमचे उपकारच आहेत. फक्त खेळून झाला की डिस्क ओरखडे न पाडता डब्यात ठेवा आणि कळवा. नगर, भिंगार, केडगाव, कुठेही असा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. निम्म्याच्या वर मात्र एक रुपया मिळणार नाही, आणि बोलणी करायला दाजी बरोबर असतील.